मुलगी ‘उजव्या मेंदूची’ निघाली, म्हणून आर्ट्सलाच घालायची का?

फोंडेकरीण:
नमस्कार मंडळी. मुलगी यंदा दहावी झाली, अकरावीचे प्रवेश तोंडावर आलेत. एका क्लासवाल्यांनी तिच्या दहाही बोटांचे ठसे स्कॅनरवर घेतले आणि जाडजूड रंगीत फाइल हातात ठेवली. आत मेंदूचं चित्र, डावी बाजू निळी, उजवी केशरी. खाली निकाल: उजवा मेंदू ६४ टक्के, डावा ३६. म्हणजे पोर कल्पक, भावनाप्रधान; गणित आणि तर्क तिला झेपायचे नाहीत, सायन्स देऊ नका.

आता आमची पोर हार्मोनियम वाजवते, चवथीला मखराची सगळी सजावट तिच्याकडे असते, हे खरं. पण दुकानाचा जीएसटीचा हिशेब जुळेनासा झाला की चूक तीच शोधून काढते! नवरा म्हणतो, पैसे मोजून तपासून घेतलंय तर ऐकायला नको? सासूबाईंचं तिसरंच: ती डावखुरी आहे, तिचं सगळं उलटंच असणार. हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण त्या दिवसापासून पोरीने गणिताला हात लावलेला नाही. ‘आई, माझ्या मेंदूतच नाही ते,’ म्हणते. डावा-उजवा मेंदू असं खरंच काही असतं का? जाणकारांनी सांगावं.

मडगावचा_म्हातारा:
बोटांच्या ठशांवरून मेंदू कळत असता तर आधार केंद्रावाल्यांनी एव्हाना अख्ख्या देशाचं भविष्य सांगितलं असतं. पैसे किती घेतले तेवढं सांगा.

वाचा_फुटे:
ताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलतं करायचं, हे माझं रोजचं काम. डावा-उजवा भेद मी रोज पाहते, म्हणून तो खोटा असं मी म्हणणार नाही. त्यावरून माणसांच्या दोन जाती पाडतात, ती मात्र शुद्ध थाप.

मेंदूच्या डाव्या भागाला धक्का बसलेले एक भजनीबुवा माझ्याकडे येत. पाणी हवं असलं तरी ‘पाणी’ म्हणता येत नसे, घाम फुटायचा. पण मी टाळ धरून अभंगाची पहिली ओळ सुरू केली की पुढचं अख्खं कडवं शब्दांसकट गात. बऱ्याच लोकांत बोलण्याची मुख्य यंत्रणा डावीकडे असते. पॅरिसच्या ब्रोका या डॉक्टरांनी १८६१ मध्ये हेच दाखवलं. त्यांचा रुग्ण काहीही विचारलं तरी ‘तान’ एवढंच म्हणायचा, आणि इजा डाव्या बाजूला पुढच्या भागात सापडली. सुरांच्या कामात उजवी बाजू बरीच असते, म्हणून बुवांचं गाणं वाचलं. गाण्याच्या चालीवर बोलणं शिकवायची उपचारपद्धत त्यातूनच निघाली.

उलट उदाहरणही ऐका. उजव्या मेंदूला इजा झालेले एक आजोबा ताटातला फक्त उजवीकडचा भात जेवायचे आणि ओरडायचे, ‘नुस्तें खंय?’ म्हणजे मासे कुठेत? हुमण, म्हणजे माशांची आमटी, डावीकडे वाढलेलं असायचं. डोळे ठणठणीत, पण डाव्या बाजूचं जग त्यांच्या हिशेबातच नव्हतं. सुनेने ताट फिरवलं की खूश! उजवा मेंदू म्हणजे नुसती कला असं समजणाऱ्यांनी हे ताट बघावं. लक्ष, अंतर, दिशा ही सगळी रुक्ष कामंही तिथे होतात.

दोन्ही अर्धगोलांना जोडणारा जाड पट्टा असतो, त्यात अंदाजे २० कोटी तंतू. फिट थांबाव्यात म्हणून काही रुग्णांचा हा पट्टा कापला होता. अमेरिकेतले मेंदूचे संशोधक रॉजर स्पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रुग्णांना डाव्या बाजूला चमच्याचं चित्र क्षणभर दाखवलं तर ते म्हणत ‘काही दिसलं नाही’, आणि डावा हात मात्र चाचपडून चमचाच उचली. डावीकडचं दिसलेलं जातं उजव्या मेंदूत, बोलतो डावा, आणि मधला निरोपच तुटलेला. स्पेरींना १९८१ मध्ये नोबेल मिळालं. तोवर मासिकवाल्यांनी आणि व्यवस्थापनाच्या शिबिरांनी त्यावरून ‘तुम्ही डावे की उजवे’ हा धंदा सुरूही केला होता. अहो, ते पट्टा कापलेल्यांचं होतं. तुमच्या मुलीचा पट्टा शाबूत आहे, तिकडून इकडे निरोप चालूच असतात.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाने हजारावर लोकांचे मेंदूचे स्कॅन तपासले. एखादं काम एका बाजूला जास्त, असं सापडलं. अख्खा मेंदूच डावा किंवा उजवा चालतो, असा माणूसप्रकार सापडला नाही. गणितालाही दोन्ही बाजू लागतात.

सासूबाईंना सांगा, डावखुऱ्यांपैकीही साधारण १० पैकी ७ जणांची भाषा डावीकडेच असते. आणि ठसे गर्भात चौथा-पाचवा महिना होईपर्यंत ठरून जातात. पोर पुढे काय शिकते याची त्यांना गंधवार्ता नसते. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही या ठसे-चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं स्पष्ट सांगितलंय.

घुमटवाला:
माहिती झकास. पण एक शंका. आम्ही आरतीला घुमट, म्हणजे एका तोंडाला चामडं ताणलेलं मातीचं वाद्य, वाजवतो तेव्हा उजव्या हाताची बोटं चामड्यावर पडतात आणि डावा तळवा मागचं तोंड उघड-बंद करत ‘घुम’ काढतो. नव्या पोरांना तो डावा हातच जमत नाही, दोन्ही एकदम आपटतात. उजवा मेंदू डावा हात चालवतो ना? मग ताल उजवीकडे म्हणायचा?

वाचा_फुटे:
हात चालवण्यापुरतं बरोबर, उलट बाजूचा मेंदू उलट बाजूचा हात हलवतो. पण ताल सांभाळायला मानेजवळचा लहान मेंदू आणि आतल्या गाभ्यातले काही पुंजके मोठं काम करतात. त्यात दोन हातांनी एकाच वेळी वेगळं करायचं तर मधल्या पट्ट्यावरून वाहतूक लागतेच. आणखी एक: १९७४ च्या एका प्रयोगात शिकलेल्या वादकांना सूर उजव्या कानाने जास्त चांगले ओळखता आले, न शिकलेल्यांना डाव्या. उजव्या कानाची बातमी मुख्यतः डाव्या मेंदूत जाते. म्हणजे रियाजाने कामाची वाटणीही बदलू शकते. तुमच्या पोरांना आधी डावा हात एकट्याने घोटायला लावा.

फोंडेकरीण:
सगळ्यांचे आभार. ताईंचा प्रतिसाद रात्री मुलीला वाचून दाखवला. आजोबांच्या नुस्त्यावर खूप हसली, मग विचारलं, ‘पट्टा खरंच २० कोटी तारांचा?’ आज सकाळी बीजगणिताचं पुस्तक बाहेर काढलंय. सायन्स की कॉमर्स ते तिचं ती ठरवेल, गणित सोडायचं नाही एवढं नक्की झालं. नवऱ्याला अजून पटवायचंय. म्हाताऱ्यांना उत्तर: साडेतीन हजार.

मडगावचा_म्हातारा:
साडेतीन हजार! पावती आहे का? असेल तर परत मागा.

फोंडेकरीण:
पावती दिली नाही हो. ठसे तेवढे ठेवून घेतले.

वाचा_फुटे:
मग आधी ते पुसून टाकायला सांगा, आणि लेखी मागा. पोर अल्पवयीन आहे. पैशांचं नंतर बघू.