तीन तासांचं दशावतारी नाटक ४ जीबीत बसवायचंय: टू-पास करू की सीआरएफ?

कुडाळवाडी
मंडळी, सल्ला हवाय. २००६ साली गावच्या जत्रेत झालेलं दशावतारी नाटक काकांनी मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर घेतलं होतं. चार कॅसेट, मिळून ३ तास १० मिनिटं. फायरवायरची केबल कुठून कुठून पैदा करून सगळं संगणकात उतरवलं, तर ४१ जीबी झालं. आता ते पेनड्राईव्हवर घालून दहा-बारा घरांत द्यायचंय. सगळ्यांचे टीव्ही जुने, पेनड्राईव्ह फॅट३२ (त्यात एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही).

हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्राममध्ये सीआरएफ १८ (दर्जा आपण ठरवायचा, साईज येईल ती) आणि सर्वांत सावकाश गतींपैकी व्हेरीस्लो लावून रात्रभर लॅपटॉप तापवला. सकाळी ६.१ जीबीची फाईल. पेनड्राईव्ह घेईना. मग अंदाजाने २००० बिटरेट (सेकंदाला किती किलोबिट खर्चायचे) लिहून एका पासात काढली. साईज बसली, पण राक्षस रंगमंचावर आला की मागच्या काळोखात ठोकळेच ठोकळे.

एक जण म्हणाला मल्टिपास, म्हणजे टू-पास कर, चित्र सुधारेल. खरंच सुधारतं? मग दोनाऐवजी तीन पास केले तर? आणि माझ्या ग्राफिक्स कार्डच्या पर्यायांतही मल्टिपास दिसतंय, ते तेच का?

घाटावरचा
पेनड्राईव्ह एक्सफॅट करून टाका, विषय संपला.

कुडाळवाडी
करून पाहिलं. दोन टीव्हींनी वाचला, बाकीच्यांनी ओळखही दाखवली नाही.

रात्रपाळी
आधी मल्टिपासबद्दलचा गैरसमज काढून टाका. पास वाढले म्हणून चित्र सुधारत नाही. टू-पास म्हणजे पंगतीत आधी एक फेरी मारून पानं मोजायची, कोण किती खाणारा ते हेरायचं आणि मग जिलबीची परात उचलायची. जिलब्या, म्हणजे बिट, तेवढ्याच, पण शेवटच्या पानाला उपाशी राहावं लागत नाही. तुमच्या एका पासाच्या फाईलमध्ये वाढपी न मोजताच निघाला होता. पुढे तासाभराने युद्ध आहे हे एन्कोडरला (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्याला) ठाऊकच नव्हतं.

सीआरएफचं उलट. तिथे प्रत्येकाला पोटभर वाढायचं ठरलेलं, जिलब्या किती संपतील ते शेवटी कळणार. म्हणून १८ ला ६.१ जीबी आली.

एक्स२६४ (हँडब्रेकमधला एन्कोडर) मध्ये पहिल्या पासात व्हिडिओची फाईल बनत नाही, फक्त आकड्यांची वही बनते. कुठली फ्रेम किती अवघड, एवढाच हिशेब. पायपेटीवाला एका जागी बसून गातोय, कॅमेरा स्टँडवर, तिथे काही लागत नाही. तलवारी फिरायला लागल्या की तिथे ओतायचं. दुसऱ्या पासात ही वही उघडून वाटप होतं. तिसरा पास करता येतो, पण फरक शोधायला भिंग लागेल. रात्र फुकट घालवू नका.

आणि हे लक्षात घ्या: सीआरएफने जी साईज येते, तेवढीच साईज टू-पासला दिली तर दोन्ही फाईली जवळपास सारख्याच दिसतात. साईजचं बंधन नसेल तर सीआरएफ. बंधन असेल, जसं तुम्हाला आहे, तर टू-पास.

सानिका_एडिट
+१. बिटरेटचं गणित मी देते. हँडब्रेकमध्ये पूर्वी थेट साईज लिहायची सोय होती, ती काढून टाकली, त्यामुळे आकडेमोड आपणच करायची.

फॅट३२ मध्ये एका फाईलची मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ बाइट. काठोकाठ जाऊ नका, ४१० कोटी बाइट धरा. आठाने गुणलं की ३२.८ अब्ज बिट. तुमचे ३ तास १० मिनिटं म्हणजे ११,४०० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला साधारण २८७७ किलोबिट. त्यातले १६० आवाजाला ठेवा, झांज आणि पखवाज आहे, १२८ ला झांज चरचरते. उरले २७१७. व्हिडिओला २७०० लिहा.

७२० बाय ५७६ च्या चित्राला २७०० म्हणजे चैन आहे हो! मला तर शंका येतेय की तुमची ६.१ जीबी भलत्याच गोष्टीवर खर्च झाली. डीइंटरलेस केलं होतं का?

कुडाळवाडी
ते काय असतं? हात हलला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात, त्याबद्दल म्हणताय का ताई?

सानिका_एडिट
तेच ते! ते दात एन्कोडर इमानेइतबारे कोरत बसलाय आणि तुमचे बिट त्यात चाललेत. डीव्हीच्या प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांच्या आडव्या रेघा एकमेकींत ओवलेल्या असतात. डीइंटरलेसच्या खान्यात बीडब्ल्यूडीआयएफ निवडा आणि त्यातलं बॉब लावा. सेकंदाला २५ च्या ५० फ्रेम होतात आणि नाच गुळगुळीत दिसतो. फ्रेमरेटच्या खान्यात २५ अडकलेला नाही ना ते बघा, नाहीतर निम्म्या फ्रेम पुन्हा फेकल्या जातील.

दुसरा खादाड म्हणजे रात्रीच्या शूटिंगमधली मुंग्यांसारखी वळवळ. कॅमेऱ्याने अंधारात गेन (उजेडाची संवेदनक्षमता) चढवलेला असतो. प्रत्येक फ्रेमला नवीन वळवळ, आधीच्या फ्रेमवरून काही उचलता येत नाही. एचक्यूडीएन३डी हा डीनॉइजचा (वळवळ कमी करायचा) फिल्टर लाइटवर ठेवा. स्ट्राँग करू नका, चेहऱ्यावरची रंगरंगोटी मेणासारखी होते.

मालवणी_मसालो
गाववाल्यानु, आधी युद्धाचो दोन मिनिटांचो तुकडो टू-पासात काढून बघा, मगे रात काळी करा.

रात्रपाळी
तुकडा काढायचं बरोबर, पण टू-पासात नको. नुसतं युद्ध दिलंत तर २७०० त्या दोन मिनिटांतच वाटले जाणार, गाण्यांतून वाचलेले बिट तिथे येणारच नाहीत. पूर्ण नाटकात त्याच युद्धाला कदाचित ५००० मिळतील. म्हणजे तुकडा वाईट दिसणार आणि तुम्ही उगाच घाबरणार. तुकडे सीआरएफवरच काढा, २० वगैरे, आणि फिल्टर बरे बसलेत का तेवढंच पाहा. हँडब्रेकमध्ये रेंज सेकंदांत देता येते.

मालवणी_मसालो
ह्या माझ्या डोक्यात नाय इला. बरोबर.

घाटावरचा
ग्राफिक्स कार्डावर काढा की, वीस मिनिटांत होईल.

रात्रपाळी
होईल, पण कमी बिटरेटला त्याच साईजमध्ये एक्स२६४ स्लो सरस दिसतं. शिवाय एनव्हीएन्कचं (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डातल्या एन्कोडरचं) मल्टिपास म्हणजे एकेका फ्रेमपुरती दोनदा नजर, पूर्ण फाईल आधी वाचून काढणं नव्हे. नावावर जाऊ नका. व्हेरीस्लोही नको, स्लो पुरे. आणि जुन्या टीव्हीसाठी एच.२६४ च (एक्स२६४ बनवतं तो व्हिडिओचा प्रकार) ठेवा. एच.२६५ ला साईज कमी लागेल, पण निम्म्या घरांत नुसता आवाज येईल.

पुढेमागे एफएफएमपेगवर (कमांड लिहून चालवायच्या प्रोग्रामवर) गेलात तर एक सांगून ठेवतो. मी एकदा एकाच फोल्डरमधून दोन लग्नं एकदम टू-पासला लावली होती. दोघांची वही एकाच नावाची. एकाच्या वरातीचे बिट दुसऱ्याच्या मंगलाष्टकांना गेले! प्रत्येक कामाला वहीचं वेगळं नाव द्या.

कुडाळवाडी
अपडेट. बॉब, लाइट डीनॉइज, २७००, टू-पास, स्लो. विंडोज ३.८ जीबी दाखवतंय. पेनड्राईव्हने घेतली! संकासुराच्या काळ्या अंगरख्याच्या मागचा काळोख आता खरंच काळोख दिसतोय. तुकडे सीआरएफ २० वर काढले, तिथेच कंगवा गेलेला दिसला.

आता आतेभाऊ म्हणतोय, व्हॉट्सॲपवर पाठव.

सानिका_एडिट
डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून नको, नाहीतर ते पुन्हा दाबून चेंदामेंदा करेल. मर्यादा २ जीबी. तेच गणित: १६ अब्ज बिट भागिले ११,४००, म्हणजे १४०३. आवाजाला १२८, व्हिडिओला १२५०. इथे टू-पासशिवाय जाऊच नका आणि डीनॉइज एक पायरी वाढवलंत तरी चालेल, फोनवर कोणाला कळणार नाही. मूळ ४१ जीबी मात्र जपून ठेवा, दोन जागी.

कुडाळवाडी
ठेवलंय. एकच अडचण. काकांच्या टीव्हीवर सगळे नट जाडे दिसतायत. काका म्हणतात, आमचो अर्जुन इतको कधी नव्हतो.

रात्रपाळी
आधी टीव्हीच्या रिमोटवर चित्राचं माप ४:३ करून बघा. तरी जाडेच राहिले तर फाईलमध्ये प्रमाण नुसतं पुन्हा लिहिता येतं, एन्कोड परत करावं लागत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, अडलं तर इथेच टाका.