रेडिओहेडने गिटार खाली ठेवली, तिथेच चुकलं

जुनी_कॅसेट
शिव्या खायच्या तयारीनेच धागा काढतोय.

ऑक्टोबर २०००. रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडच्या 'ओके कंप्युटर'ची कॅसेट तीन वर्षांत इतकी घासली होती की पहिल्या बाजूला मागची गाणी पुढे ऐकू यायला लागली होती. त्यांची पुढची रेकॉर्ड 'किड ए' आल्या आल्या मेसचे पैसे मोडून आणली. त्यातलं दुसऱ्या नंबरचं गाणं, त्याचंही नाव 'किड ए'च, लागलं आणि गायक थॉम यॉर्कचा आवाज असा काही घरघरत आला की वाटलं सेल उतरले. दोन नवे सेल आणले, आवाज तसाच. पेन्सिल घालून फीत घट्ट केली. तरी तसाच. शेवटी रूममेट म्हणाला, "अरे, त्यांनी तसंच केलंय ते."

पंचवीस वर्षं 'तसंच केलंय ते' ऐकतोय. आता माझं मत ऐका.

या बँडकडे तीन गिटारी होत्या. यॉर्क, जॉनी ग्रीनवुड, एड ओब्रायन. तिघांचा बाज निरनिराळा, आणि तिन्ही मिळून एक भिंत उभी राहायची. 'क्रीप' या त्यांच्या गाण्यात धृपदाच्या आधी जॉनी जे खाडखाड वाजवतो, तेवढ्या दोन फटक्यांवर अख्खं गाणं उभं आहे. १९९५ च्या 'द बेंड्स' या रेकॉर्डमध्ये तर ती भिंत शिगेला पोचली. एवढं हाताशी असताना हे लोक सिंथेसायझरपुढे जाऊन बसले. 'किड ए'च्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला एड आणि ड्रमर फिल सेलवे यांना आपण नेमकं करायचं काय हेच कळत नव्हतं. पाच जणांच्या बँडमध्ये दोघं रिकामे, याला प्रगती म्हणायचं?

आणि २००७ मध्ये 'इन रेनबोज' या रेकॉर्डला गिटारी परत आल्या, तेव्हा सगळे खूश! म्हणजे मधली सात वर्षं आडवाट होती हे सगळ्यांनाच मान्य आहे. बोलत फक्त मी आहे.

रात्रपाळी
धागा आवडला, मत अजिबात नाही.

तुमचे सेल उतरले नव्हते, काका. त्या गाण्यात यॉर्कने शब्द म्हटलेत आणि सूर जॉनीने ओंद मार्तेनोवर वाजवलेत. एकाचा गळा, दुसऱ्याची बोटं. ओंद मार्तेनो हे १९२८ सालचं फ्रेंच वाद्य. त्यात बोटात अंगठी अडकवून ती तारेवर सरकवली की सूर घसरत जातो. म्हणजे तुमचा गिटारवाला काही रिकामा बसला नव्हता.

आणि 'गिटार खाली ठेवली' हेच मुळात चूक. त्याच रेकॉर्डवरचं 'ट्रीफिंगर्स' ऐका. सगळ्यांना ते कीबोर्ड वाटतं, पण आहे ती एडची गिटार. त्याच्या वादनाचे तुकडे जोडून, ताणून बनवलंय.

बदल तर त्याच्या आधीच झाला होता. तुमच्या लाडक्या 'ओके कंप्युटर'चं पहिलंच गाणं 'एअरबॅग' घ्या. त्यात सेलवेने वाजवलेल्या ड्रमचा छोटासा तुकडा कापून, सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रात, घालून फिरवलाय. जुन्या रेकॉर्डींचे तुकडे जोडून गाणी करणारा डीजे शॅडो ऐकून सुचलेली गोष्ट. १९९७ मध्येच कात्री हातात होती, तुम्ही फक्त गिटारीकडे बघत होतात.

चिमटा
दोन्ही बाजूंना एकेक.

'किड ए'चा एवढा गवगवा रॉकवाल्यांनी केला, कारण बाकीचं त्यांनी ऐकलंच नव्हतं. ऑटेकर, एफेक्स ट्विन ही इलेक्ट्रॉनिक संगीतवाली मंडळी नव्वदच्या दशकातच हे सगळं करत होती. 'ओके कंप्युटर'च्या दौऱ्याने डोकं आउट झाल्यावर यॉर्क त्यांच्याच कंपनीच्या, वॉर्प रेकॉर्ड्सच्या, जुन्या रेकॉर्डी आणून ऐकत बसला होता, हे त्याने स्वतःच सांगितलंय. ज्यांच्या घरी रोज पुरणपोळी होते त्यांना शेजाऱ्याने पहिल्यांदा पुरण शिजवलं याचं काय कौतुक?

'किड ए'वरच्या 'आयडियोटेक'चा जीव असलेला तो चार कॉर्डचा तुकडाही पॉल लान्स्की या प्राध्यापकाचा. १९७३ मध्ये प्रिन्स्टनला कंप्युटरवर केलेल्या रचनेतला.

रात्रपाळी
@चिमटा, लान्स्कीचं नाव गाण्याच्या श्रेयात आहे. विचारून, नाव देऊन घेतलंय. आणि त्या लान्स्कीच्या रचनेचं नाव काय? 'मिल्ड उंड लाइजं'. वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या ऑपेराच्या (संगीत नाटकाच्या) शेवटच्या गाण्याचे हे पहिले शब्द. आता वाग्नरलाही शेजारी म्हणायचं का?

शिवाय एकही सिंगल (सुटं गाणं) न काढता, नेहमीसारखा एकही व्हिडिओ न करता ती रेकॉर्ड अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. ऑटेकर माझेही आवडते आहेत, पण हे त्यांना जमलं नाही.

चिमटा
पहिला क्रमांक हा मुद्दा कधीपासून झाला? उद्या बाजारभावाने गाणी तोलाल. (वाग्नरचं मान्य.)

धातिरकिट
गिटार की कंप्युटर या भांडणात मला रस नाही. मी तबला वाजवतो, रॉक माझ्या पोराकडून ऐकतो. पण माझ्या मते तुम्ही सगळे भलतीकडे बघताय. या लोकांचा बदल लयीत आहे.

पोराने 'किड ए'चं पहिलं गाणं 'एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस' लावलं. मांडीवर बोटं धरली, दहा मात्रा भरल्या. म्हटलं झपताल! कसला झपताल. २-३-२-३ चे विभाग पकडायला गेलो तर गायकाचे शब्द भलतीकडेच पडतात. दहा आहेत, पण आपले दहा नव्हेत.

मग २००१ च्या 'ॲम्नेझियॅक' या रेकॉर्डवरचं 'पिरॅमिड साँग'. याने मला दोन संध्याकाळी छळलं. नुसता पियानो आहे, आणि समेची जागा सापडतच नाही. करून बघा: पियानोच्या प्रत्येक कॉर्डला टाळी द्या आणि मधे मोजा. तीन, तीन, चार, तीन, तीन. बेरीज सोळा! म्हणजे तीनतालाएवढंच आवर्तन, पण आत चिरे असे बसवलेत की उलटीकडून मोजलं तरी तेच येतं. त्यात मात्रा सरळ नाहीत, झोल देऊन चालतात, म्हणून माणूस चकतो. दोनेक मिनिटांनी ड्रम येतो आणि सगळं जागेवर बसतं. तोवर ठेका न दाखवता थांबायला धीर लागतो हो. आमच्यातले भलेभले पहिल्या मिनिटात सम दाखवून मोकळे होतात.

तेव्हा जुनी_कॅसेट, तुमचा तो 'रिकामा' ड्रमर मला या बँडमधला सगळ्यात शहाणा वाटतो.

गच्चीवरचा
+१ धातिरकिट. आत्ताच मोजून बघितलं, बायको विचारतेय भजन लागलंय का.

आयसिस_काठची
ऑक्सफर्डहून लिहितेय, यांच्याच गावाजवळून. पाचही जण इथून दहा-बारा किलोमीटरवरच्या ॲबिंग्डनच्या शाळेतले. पहिल्या रेकॉर्डपासून तेच पाच जण, एकही बदललेला नाही. माणसं तीच, म्हणून बदल डोळ्यात भरतो असं मला वाटतं. बाकीच्या बँडमध्ये गिटारवाला बदलला की आवाज बदलतो, आपण त्याच्यावर ढकलून मोकळे.

मी एकच गाणं समोर ठेवते. 'ट्रू लव्ह वेट्स'. १९९५ पासून यॉर्क ते मंचावर एकट्याने गिटारवर गायचा. लोक वेडे व्हायचे. स्टुडिओत मात्र ते कधी जमलं नाही, रेकॉर्डमागून रेकॉर्ड बाहेर राहिलं. शेवटी २०१६ मध्ये 'अ मून शेप्ड पूल' या रेकॉर्डच्या शेवटी आलं, २१ वर्षांनी. गिटार नाही. पियानोचे एकमेकांवरून ठेचकाळणारे थर आणि दमलेला आवाज. गिटारवर ते विनवणी करणाऱ्या पोराचं गाणं होतं. पियानोवर ते उत्तर कळून चुकलेल्या माणसाचं झालं. शब्द तेच.

जुनी_कॅसेट यांना विचारायचंय, यातलं कुठलं ठेवाल?

जुनी_कॅसेट
अवघड पकडलंत. गिटारवालंच ठेवेन, कारण विशीत तेच ऐकलं. पण पियानोवालं आता गाडीत लावत नाही, एवढं सांगतो. घरी पोचल्यावर पार्किंगमध्ये बसून राहावं लागतं.

@धातिरकिट, सेलवेबद्दल शब्द मागे घेतो. आज सिग्नलला स्टेअरिंगवर ३-३-४-३-३ करून पाहिलं, दोनदा चुकलो, मागच्या रिक्षावाल्याने आईबहीण काढली.

पण 'इन रेनबोज'चं काय? त्याला कुणीच हात घातला नाही.

रात्रपाळी
घालते. लोक 'इन रेनबोज' म्हटलं की फक्त विक्रीबद्दल बोलतात. कंपनीशी करार संपला होता, गाणी स्वतःच्या साइटवर ठेवली, किंमत तुम्हीच ठरवा म्हणाले, शून्य दिलं तरी चालेल. पण गाणी ऐका ना! पहिलंच '१५ स्टेप', कंप्युटरी टाळ्यांनी सुरू होतं, पाच मात्रांत चालतं आणि मग त्यावर जॉनीची गिटार अलगद येऊन बसते. 'किड ए' झालं नसतं तर हे सुचलंच नसतं. गिटार परत आली हे खरं, पण दुसऱ्या गावी राहून आलेली. तिची भाषा बदललीय.

चिमटा
हे मात्र पटलं. जॉनीने २०१५ मध्ये जोधपूरला मेहरानगड किल्ल्यात शाय बेन त्सूर हा इस्रायली संगीतकार आणि राजस्थानी कलाकार यांच्याबरोबर 'जुनून' ही रेकॉर्ड केली, तिथेही तेच. कव्वाल आणि बँडवाले दणकून वाजवतायत आणि हा बाजूला मान खाली घालून गिटार छेडतोय. 'क्रीप'मध्ये खाडखाड करणारा पोरगा तो हाच, यावर विश्वास बसत नाही.

जुनी_कॅसेट
ठीक. आडवाट हा शब्द सोडला. पण २०११ च्या 'द किंग ऑफ लिंब्स' या रेकॉर्डबद्दल कुणी बाजू घेऊ नये. आठ गाणी, जेमतेम ३७ मिनिटं, आणि नुसते लूप, म्हणजे तेच तेच तुकडे, फिरतायत. तिथे मला खरंच मिक्सर चालू राहिल्यासारखं वाटतं.

आयसिस_काठची
रेकॉर्ड सोडा. त्याच वर्षी त्यांनी ती सगळी गाणी 'फ्रॉम द बेसमेंट' या कार्यक्रमासाठी प्रत्यक्ष वाजवलीत, सेलवेच्या जोडीला क्लाइव्ह डीमर हा दुसरा ड्रमर घेऊन. यंत्राने फिरवलेले लूप दोन माणसं हाताने वाजवतायत. ते बघा, मग मिक्सर म्हणा.

धातिरकिट
दोन ड्रमर? म्हणजे जुगलबंदी की साथ?

आयसिस_काठची
ना धड जुगलबंदी, ना साथ. एकाने सोडलेल्या जागा दुसरा भरतो. तुम्हीच बघून सांगा याला काय म्हणायचं.

जुनी_कॅसेट
रविवारी बघतो. त्यातलं 'फेरल' हे गाणं आलं की पुढे ढकलणार, आधीच सांगून ठेवतो.