बाळंतपणाच्या क्लासला दोघं जातोय, पण आता ती माहेरी जाणार. पुढं कसं करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथलं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय माझी अडचण कळणार नाही.

मी रेल्वेत असिस्टंट लोको पायलट आहे, भुसावळला क्वार्टरमध्ये राहतो. गाव अमळनेर साइडचं, बायकोचं माहेर शिरपूर. पहिलंच बाळंतपण आहे, एकतिसावा आठवडा चालू आहे आणि तारीख दिलीय मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातली, म्हणजे आपल्याकडच्या ऐन उन्हाची. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन सगळं आतापर्यंत व्यवस्थित आहे.

जळगावला एक फिजिओथेरपिस्ट मॅडम बाळंतपणाच्या तयारीचा क्लास घेतात. दर रविवारी दोन तास, असे सहा रविवार, आणि त्यांची अट एकच की बाईसोबत जो माणूस दवाखान्यात राहणार आहे त्याने पण यायचं. आमचे दोन रविवार झालेत. पहिल्या दिवशी त्यांनी चित्रं दाखवून सांगितलं की कळा म्हणजे नेमकं काय होतं, पिशवीचं तोंड कसं हळूहळू दहा सेंटिमीटरपर्यंत उघडतं, खोट्या कळा आणि खऱ्या कळा कशा ओळखायच्या. मला यातलं काहीच माहीत नव्हतं खरं सांगतो, तीस वर्षांचा झालो पण कोणी कधी सांगितलंच नाही आणि मी पण विचारलं नाही.

दुसऱ्या रविवारी त्यांनी कंबर दाबायला शिकवलं. माकडहाडाच्या वरचा जो सपाट भाग असतो तिथं तळहाताचा खालचा भाग ठेवून कळ येईल तेव्हा जोर द्यायचा आणि कळ गेली की सोडायचं. मी घाबरत घाबरत दाबत होतो तर मॅडम म्हणाल्या अजून जोरात, तिला विचारा किती हवंय. मग श्वास मोजायचा, तो पण मी मोठ्याने मोजायचा म्हणजे तिला डोकं लावावं लागणार नाही. मी गाडीवर रोज सिग्नल मोठ्याने बोलून सांगतो मेन साहेबांना, म्हणजे मुख्य लोको पायलटना, त्यामुळे एका लयीत मोठ्याने बोलायची सवय आहे, ते मला बरं जमलं. तिने डोळे मिटून घेतले होते आणि खांदे एकदम सैल सोडले होते.

येताना गाडीत ती बोलली. तिच्या मोठ्या बहिणीचं बाळंतपण झालं तेव्हा ती रात्रभर लेबर रूममध्ये एकटी होती, घरचे सगळे बाहेर बाकड्यावर, आत काय चाललंय ते ना तिला कोणी सांगितलं ना बाहेरच्यांना. बाळ-बाळंतीण नीट घरी आले पण बहीण अजून त्या रात्रीबद्दल बोलत नाही. मग ही म्हणाली, "अहो, दुखणं मी सोसेन, पण ताईसारखं एकटं नाही राहायचंय मला. तुम्ही राहाल ना?" मी हो म्हणालो. आणि तेव्हापासून झोप नाहीये, कारण हो म्हणालो पण ते कसं जमवायचं तेच कळत नाही.

एक तर माहेरी जायचं. डोहाळजेवण झालं, सासरे वीस मार्चनंतर कधीही घ्यायला येतील. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत आहे आणि तिला पण आईजवळ राहायचंय, त्याला माझी काहीच हरकत नाही. पण क्लासचे चार रविवार बाकी आहेत, त्यातले दोन तर बुडणारच, आणि नेमके शेवटच्या दोन रविवारी जोर कसा लावायचा आणि दूध कसं पाजायचं हे आहे.

दुसरं माझी ड्युटी. मालगाडीवर आहे, ठरलेली वेळ नाही. कॉल आला की दोन तासांत हजर, कधी बडनेरा कधी इगतपुरी, तिकडं रेस्ट, मग परतीची गाडी लागेल तेव्हा. गाडीवर मोबाइल बंद ठेवावा लागतो, आणि ते बरोबरच आहे. पण समजा मी बडनेऱ्याकडं मालगाडीवर आहे आणि तिला शिरपूरला कळा चालू झाल्या तर मला कळायलाच पाच-सहा तास लागतील, तिथून शिरपूर गाठायचं वेगळंच.

तिसरं घरचं. आई म्हणते, "अरे, बायतपन ते बायास्नं काम शे, तू तठे जाईसन काय करशी?" आई वाईट बोलत नाही, तिला खरंच तसं वाटतं. तिची तिन्ही बाळंतपणं घरी सुईणीच्या हातची, माझ्या वेळी वडील वावरात होते, संध्याकाळी आले तेव्हा कळलं. सासूबाई काही बोलत नाहीत पण जवाई लेबर रूममध्ये येणार म्हटल्यावर त्यांना लाज वाटते हे दिसतं.

आणि चौथं म्हणजे शिरपूरच्या दवाखान्यात फोन करून विचारलं तर काउंटरवरून सांगितलं की जेन्ट्स अलाऊड नाही, एक लेडीज नातेवाईक चालेल.

तर माझं विचारणं असं की कोणाच्या मिस्टरांना आपल्याकडं धुळे-जळगाव-नंदुरबारमध्ये आत जाऊ दिलंय का? आत नसेल जाऊ देत तर मी शिकलेल्या गोष्टींचा उपयोग कुठं होईल? राहिलेला क्लास कसा पूर्ण करावा? आणि पितृत्व रजा पंधरा दिवसांची मिळते ती तारखेच्या आधी टाकावी की नंतर? आईला कसं समजवावं हे पण कोणी सांगितलं तर उपकार होतील.

पांझराकाठची

दादा, आधी एक सांगते, तुमच्या बायकोने तोंडाने मागितलं आणि तुम्ही हो म्हणालात, यातच अर्धी भीती गेली असेल तिची.

माझं मागच्या वर्षी धुळ्याला झालं. आमचे हे तीन क्लासला आले होते, लेबर रूममध्ये शेवटी नाही सोडलं त्यांना. पण लोकांना वाटतं बाळंतपण म्हणजे लेबर रूम, तसं नसतं हो, पहिलटकरणीच्या कळा खूप वेळ चालतात. माझ्या रात्री अकराला चालू झाल्या आणि मी सकाळी नऊपर्यंत घरीच होते. ते सगळे दहा तास हेच होते सोबत. वहीत प्रत्येक कळेची वेळ लिहिली, किती मिनिटांनी आली, किती सेकंद राहिली. आम्हाला सांगितलेलं की पाच पाच मिनिटांनी कळ, एक मिनिटभर टिकणारी, आणि असं तासभर चाललं की निघायचं. अंगणात फिरवलं, गरम पाण्याची पिशवी दिली, कंबर तर इतकी दाबली की दुसऱ्या दिवशी त्यांचा हात वर होत नव्हता. दवाखान्यात गेल्यावर तीन तासांत झाली मी मोकळी. आत माझी आई होती, पण मला आठवतं ते अंगणातलं.

काउंटरवर फोन करून विचारू नका. बायकोला घेऊन जा, डॉक्टर मॅडमना समोर बसून विचारा. लेबर रूममध्ये एकच टेबल असेल किंवा वेगळी खोली असेल तर कधी कधी हो म्हणतात.

सिस्टर_धुळे

मी स्टाफ नर्स आहे, लेबर रूमलाच ड्युटी असते म्हणून लिहिते.

बाईसोबत तिच्या विश्वासाचं एक माणूस असावं हे आता नुसतं चांगलं म्हणून नाही, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांसाठी तशा सूचना काढल्यात. त्यात शक्यतो जिने स्वतः कळा सोसल्यात अशी बाई, आणि जिथं लेबर रूममध्ये आडोशाची नीट सोय आहे तिथं नवरा पण चालतो असं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पण २०१८ मध्ये तेच सांगितलं, बाईच्या पसंतीचं माणूस कळा चालू झाल्यापासून बाळ होईपर्यंत सोबत असावं. सतत कोणी सोबत असलं तर कळांचा वेळ थोडा कमी होतो आणि सिझरचं प्रमाण पण कमी होतं असं अभ्यासातून दिसलंय. मी डोळ्यांनी पण बघते, ज्या बाईचा हात कोणी धरलेला असतो ती आमचं ऐकते, घाबरलेली बाई श्वास रोखून धरते आणि मग दमते.

आता अडचण कुठं येते ते पण समजून घ्या. एका हॉलमध्ये तीन-चार टेबल, मध्ये फक्त पडदे, शेजारी दुसरी बाई असते तिची पण लाज राखायची असते. म्हणून पुरुषांना नाही म्हणावं लागतं, मुद्दाम कोणी अडवत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की तुमच्या सासूबाईंना क्लासला न्या. आत बहुतेक त्याच राहणार आहेत. आयांचा हेतू चांगलाच असतो, पण आत आल्या की लेकीचं दुखणं बघवत नाही आणि स्वतःच रडतात, किंवा कळ नसताना पण "जोर लाव, जोर लाव" करतात. पिशवीचं तोंड पूर्ण उघडल्याशिवाय जोर लावून बाई नुसती दमते. हे एकदा शिकल्या की त्या तुमचंच काम आत करतील.

आणि घरातल्या सगळ्यांना हे पाठ असू द्या. अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं (आणि ते हिरवट असेल तर क्षणभर थांबू नये), खूप डोकं दुखून डोळ्यांपुढं अंधारी येणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर कळांची वाट न बघता सरळ दवाखाना. गाडी नसेल तर १०२ किंवा १०८. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी असते, माहेरी गेल्यावर एकदा तिथं पण दाखवून घ्या म्हणजे कुठं काय आहे ते कळेल. फाइल आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट तिच्यासोबतच पाठवा, भुसावळला कपाटात ठेवू नका, हे मी फार वेळा बघितलंय. एप्रिल-मेमध्ये पाणी भरपूर, दुपारचा प्रवास नको.

बाळ झाल्यावर पहिल्या तासात छातीला लावायचं आणि चीक पाजायचा, तो फेकायचा नाही. मध, गुळाचं पाणी, घुटी काही नाही, सहा महिने फक्त आईचं दूध. ह्या एका गोष्टीवर तुम्ही घरात ठाम राहिलात तरी खूप मोठं काम आहे.

गिरणेकाठचा

भो, मी पण रेल्वेतलाच, चाळीसगावचा. पितृत्व रजा पंधरा दिवस, बाळ होण्याच्या आधी पंधरा दिवसांपासून ते नंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते, दोनपेक्षा कमी मुलं असली पाहिजेत. पण एकदा सुरू केली की सलग जाते. मी आधी टाकली होती आणि पोरगी तारखेच्या नऊ दिवस उशिरा आली, सगळी रजा वाट बघण्यात गेली आणि बाळ-बाळंतीण घरी आली तेव्हा मी ड्युटीवर. म्हणून तू तारखेच्या आजूबाजूला तुझी साठलेली रजा टाक, आत्ताच अर्ज दे, उन्हाळ्यात लग्नसराईमुळे सगळेच मागतात. पितृत्व रजा बाळ झाल्यावर घे.

आणि लॉबीत, म्हणजे आपली ड्युटी लागते त्या ऑफिसात, आत्ताच सांगून ठेव, तिथला नंबर सासऱ्यांना दे. मोबाइल बंद असला तरी निरोप कंट्रोल रूमवरून पोचतो. मला मनमाडला तसाच मिळाला होता.

आईचं म्हणशील तर वाद घालू नको. तिला विचार, तुझ्या वेळी कसं झालं म्हणून. आमच्या मायला कोणी आयुष्यात विचारलंच नव्हतं, दोन तास बोलत बसली. नंतर तीच म्हणाली, "जाय, तिनाजोडे बठ."

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रत्येक प्रतिसाद बायकोला वाचून दाखवलाय. तीन आठवड्यांनी लिहितोय कारण मध्ये बरंच झालं.

सिस्टर ताई, तुमचं ऐकून सासूबाईंना भुसावळला बोलावलं. सासऱ्यांना म्हणालो, घ्यायला येताना त्यांनाच आधी आठ-दहा दिवस राहायला पाठवा, दोघी मग सोबतच जातील. मॅडमनी तिघांना बसू दिलं. पहिल्या रविवारी सासूबाई पदर घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या, काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या रविवारी कंबर दाबायचं परत घेतलं तेव्हा मी मॅडमना म्हणालो यांना दाखवा. त्यांनी हात ठेवला आणि बरोब्बर त्याच जागी ठेवला. मॅडमनी विचारलं तुम्हाला कसं माहीत, तर म्हणाल्या, "हिच्या वेळी माझ्या आईने इथंच धरलं होतं." मग बायको रडली, सासूबाई पण रडल्या. घरी येऊन दोघी रात्री उशिरापर्यंत बोलत होत्या, मी बाहेर ओट्यावर बसलो.

आईला पण विचारलं, गिरणेकाठच्या दादांनी सांगितलं तसं. तिने सांगितलं की माझ्या वेळी दिवसभर ती दाराकडं बघत होती, वडील येतील म्हणून. हे मला माहीतच नव्हतं. त्यानंतर ती "तू काय करशी" म्हणाली नाही, डिंक आणि खोबरं आणायला सांगितलं फक्त.

शिरपूरच्या डॉक्टर मॅडमना समोर जाऊन भेटलो. आत नाही म्हणाल्या, दोन टेबल आहेत म्हणून. पण कळा चालू असताना बाजूची एक खोली आहे, तिथं शेवटपर्यंत मी थांबू शकतो, लेबर रूममध्ये घेतील तेव्हा सासूबाई जातील. रजेचा अर्ज दिलाय, लॉबीचा नंबर सासऱ्यांच्या भिंतीवर लिहिलाय.

आता दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. दूध पाजण्याचा शेवटचा रविवार राहिलाच, तर शिरपूर किंवा चोपडा साइडला हे शिकवणारं कोणी माहीत असेल तर सांगा. आणि परवा पहाटे तिला शिरपूरला नेतोय, चौतिसावा आठवडा आहे, डॉक्टरांनी कारने जायला हरकत नाही म्हटलंय. यावल-चोपडा मार्गे रस्ता सध्या कसा आहे, की धुळ्यावरून लांब पडलं तरी हायवेनेच जाऊ? नुकतंच कोणी गेलं असेल तर प्लीज आज रात्रीपर्यंत सांगा.