कोरडा डिसेंबर, मग एकदम बर्फ: गुलमर्गला हिमस्खलनाचा धोका कसा जोखायचा?

उतारवेडा:
फेब्रुवारीत पुण्याहून आम्ही चौघं गुलमर्गजवळच्या अफरवत डोंगरावर स्की टूरिंगसाठी (स्कीवरूनच चढून मग उतरायला) जातोय. बीकन (गाडल्या गेलेल्याला शोधायचं संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब सळई), फावडं प्रत्येकाकडे आहे. यंदा डिसेंबर जवळजवळ कोरडा गेला आणि आता दोन दिवसांत ७० सेंमी बर्फ पडलाय. वादळानंतर दोन दिवस थांबलं की बर्फ बसतो म्हणतात. अशा वर्षीही ते चालतं का? आणि खड्डा खणून केलेल्या चाचणीवर किती भिस्त ठेवायची?

हिमरेषा:
दोन दिवसांचा हिशेब ताज्या बर्फापुरता ठीक आहे. तुमची अडचण त्याच्या खाली आहे.

बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास राहते. वर उणे १५ आणि मध्ये जेमतेम ४० सेंमी बर्फ असेल, तर दर १० सेंमीला साडेतीन-चार अंशांचा फरक पडतो. हा फरक साधारण १ अंशाच्या वर गेला की कणांची आपसातली पकड सुटत जाते. ते मोठे, कोनेदार होतात आणि मुठीतून साखरेसारखे ओघळतात. कोरड्या डिसेंबरचा पातळ बर्फ नेमका असाच सडतो. त्यावर आता ७० सेंमीची लादी, म्हणजे एकसंध सुटू शकणारा थर, बसली आहे, आणि खालचा थर कित्येक आठवडे कच्चा राहू शकतो. २०२४चा हंगाम याच क्रमाचा होता: जानेवारीत गुलमर्ग बोडकं, महिनाअखेरीस बर्फ, आणि २२ फेब्रुवारीला खिलनमर्ग भागातल्या हिमस्खलनात एक रशियन स्कीअर दगावला.

अशा थरात लादी जाड असते तिथे तुमचं वजन खालपर्यंत पोचत नाही. खडकांभोवती आणि धारेलगत ती पातळ असते. तिथे तडा सुरू होतो आणि जाड भागाखालून पसरत जातो. म्हणून आधीचे पाचजण सुखरूप उतरले, यावरून सहाव्यासाठी काहीच ठरत नाही. पायाखालून ‘धप्प’ आवाज आला किंवा स्कीच्या टोकापासून भेगा पळाल्या, तर चाचणीची गरजच उरत नाही, मागे फिरा.

नाळवाट:
खड्ड्याबद्दल. ज्या उतारावर जायचंय त्याच दिशेचा, त्याच उंचीचा, पण वर-खाली धोका नसलेला छोटा उतार निवडा. उताराला आडवा ९० सेंमी रुंद, आत ३० सेंमी असा ठोकळा मोकळा करा. मागची बाजू गाठी मारलेल्या दोरीने कच्च्या थराच्या खालपर्यंत कापा. ती अर्धवट राहिली तर ठोकळा खोटा मजबूत वाटतो, आणि ही चूक सर्रास होते. एका टोकावर फावडं ठेवून मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १० थापा. तडा पडला त्याच किंवा पुढच्या थापेला तो पूर्ण ९० सेंमी पळाला, तर उतार सोडा. पळाला नाही तर एवढंच कळलं की त्या जागी पळाला नाही. थर मीटरभराहून खोल असेल तर ही चाचणी फारशी उपयोगाची नाही.

उतारवेडा:
मग रोजचा निर्णय कशावर घ्यायचा? डीजीआरईचा (हिमस्खलनाचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा) इशारा पुरेसा आहे का?

हिमरेषा:
तो रोज बघाच. पण तो जिल्हा आणि उंची धरून असतो, उदाहरणार्थ बारामुल्ला, २५०० मीटरच्या वर. तुमच्या नाळेचं त्यात काही नसतं. यंदा निर्णय उताराच्या कोनावर घ्या. लाद्या बहुतेक ३० ते ४५ अंशांत सुटतात, म्हणून २५च्या आत राहा, आणि डोक्यावर किंवा बाजूला जोडून तीव्र उतार नाही ना तेही पाहा. तुम्ही खालच्या सपाटीवर असलात तरी असा थर वरच्या उतारावर सुटू शकतो. अॅपमधल्या उताराचा कोन रंगांनी दाखवणाऱ्या नकाशात १०-१५ मीटरचे टप्पे दिसत नाहीत. काठी उताराच्या दिशेने, वर-खाली बर्फावर टेकवून तिचा कोन क्लिनोमीटरने (कोनमापकाने) मोजा.

वारा वेगळा धरा. आकाश निरभ्र असलं तरी धारेवरून बर्फ उडताना दिसला की आडोशाच्या बाजूला लादी वाढतेय.

नाळवाट:
आणखी एक, आता हिवाळ्यातही पाऊस पडतो म्हणून. कोरड्या ताज्या बर्फावर पाऊस सुरू झाला तर धोका लगेच वाढतो, तासाभराची वाट बघू नका. रात्री ढग राहिले आणि पृष्ठभाग गोठला नाही, तर सकाळचा उतारही सोडा.

आणि फोन बीकनपासून २० सेंमी लांब ठेवा, शोध घेताना ५० सेंमी.