अपघाताचा दावा आणि गरब्यातील चौदा सेकंद

प्रेषक: एक सभासद, दांडिया बाजार
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी जून महिन्यात गोल्डन चोकडीजवळ एका मोटारीने माझ्या स्कूटरला मागून धडक दिली आणि उजव्या नडगीचे हाड मोडल्यामुळे आत सळई बसवावी लागली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मी सहा महिन्यांच्या मुदतीत अर्ज केला असून पुढच्या तारखेला माझी उलटतपासणी आहे.

विमा कंपनीच्या वकिलांनी आता नवरात्रातील एक व्हिडिओ दाखल केला आहे. आमच्या सोसायटीच्या गरब्यात मी रिंगणाच्या कडेला उभी राहून तीन टाळ्या देते आणि हसते, एवढेच चौदा सेकंदांचे ते दृश्य. भाच्याने ते इन्स्टाग्रामवर टाकताना ‘मावशी पुन्हा मैदानात!’ असे वर लिहिले आणि खाली कोणी प्रकृती विचारली तेव्हा मी ‘एकदम छान, काही त्रास नाही’ असे उत्तर दिले. प्रत्यक्षात शिवणयंत्राचे पायडल तासभर दाबले की पाय सुजतो आणि ब्लाउज अर्धवट ठेवून उठावे लागते. प्रतिज्ञापत्रात मात्र ‘अर्जदारास आधाराशिवाय उभे राहता येत नाही’ असे वाक्य आहे. खाते बंद करावे का, भाच्याला व्हिडिओ काढून टाकण्यास सांगावे का, याविषयी जाणकारांनी सांगावे.

प्रेषक: एक सभासद, मांजलपूर

ताई, वेळ न घालवता सर्व काढून टाका आणि खाते खासगी करा. जे दिसणारच नाही, ते न्यायालयात कोण आणणार?

प्रेषक: एक निवृत्त वकील, रावपुरा

ताई, स.न.वि.वि.

मांजलपूरच्या सन्मित्रांचा सल्ला आपुलकीचा असला तरी कृपया तो मानू नका. व्हिडिओ विमा कंपनीच्या हाती गेलेला आहे. आता मूळ नष्ट केल्यास उरलेल्या चौदा सेकंदांवर त्यांचेच राज्य राहील, आणि आपल्या ताब्यातील पुरावा दडवणाऱ्याच्या विरुद्ध अनुमान काढण्याची मुभा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 119 खाली न्यायाधिकरणाला आहेच. न्यायालयात सादर होऊ नये या हेतूने इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेत गुन्हाही आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात अपघातात पत्नी गमावलेल्या एका माणसाने आपल्या वकिलाच्या कार्यालयाच्या सांगण्यावरून फेसबुकवरील छायाचित्रे काढून टाकली. ते उघडकीस आल्यावर वकिलाला 5,42,000 आणि अशिलाला 1,80,000 डॉलर भरण्याचा आदेश झाला. पण 2013 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाने घटवलेली त्याची भरपाईची मूळ रक्कम पूर्ववत केली. म्हणजे छायाचित्रांनी दावा बुडवला नाही, ती लपवण्याची किंमत मात्र जबर पडली.

खासगी खात्याचेही तसेच. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील न्यायालयाने 2009 मध्ये एका मोटार अपघाताच्या दाव्यात, फेसबुकचे पान मित्रांपुरते मर्यादित आहे एवढ्यावरून ते पुराव्याच्या कक्षेबाहेर जात नाही, असे ठरवले. आपल्याकडे तर न्यायालयापर्यंत जाण्याचीही गरज पडत नाही. भाच्याच्या तीनशे मित्रांपैकी एखाद्याचा दूरचा ओळखीचा तपासनीस असला की झाले.

माझ्या मते आपली खरी अडचण व्हिडिओ ही नाही, प्रतिज्ञापत्रातील ते एक वाक्य ही आहे. आम्हा वकिलांना ठोकळेबाज वाक्ये लिहिण्याची सवय असते आणि अशील न वाचता सही करतो. चाळीस वर्षांत मीही अशी वाक्ये लिहिली आहेत, हे कबूल करतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात स्पष्ट केले आहे की अवयवाच्या अपंगत्वाची टक्केवारी वेगळी आणि कमाईच्या क्षमतेतील घट वेगळी. डावा हात गेलेल्या सुताराचे उत्पन्न जवळजवळ संपूर्ण बुडू शकते, तर तेवढीच इजा झालेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. आपल्या बाबतीत प्रश्न पायडलचा आहे. तीन टाळ्यांपुरते उभे राहता येणे आणि दिवसाला सहा तास यंत्र चालवता येणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, परंतु ‘उभेच राहता येत नाही’ असे शपथेवर लिहिले की तो फरक सांगण्याची जागाच उरत नाही, आणि मग समोरचे वकील पाय सोडून आपल्या खरेपणावर बोलू लागतात. तेव्हा उलटतपासणीपूर्वी आपल्या वकिलांमार्फत परवानगी मागून दुरुस्तीचे प्रतिज्ञापत्र द्या आणि त्यात किती वेळ उभे राहता येते, त्यानंतर काय होते, पूर्वी किती ब्लाउज होत व आता किती होतात, हे लिहा. गिऱ्हाइकांच्या मापांची वही असल्यास ती सोबत जोडा.

‘एकदम छान’ या उत्तराचे मला फारसे भय वाटत नाही. अंगात ताप असतानाही ‘बरं आहे’ म्हणणारी आपली माणसे. हे न्यायाधीशांच्या घरीही घडते. उलटतपासणीत विचारले तर लिहिल्याचे सरळ मान्य करा आणि का लिहिले ते एका वाक्यात सांगा.

भाच्याच्या फोनमधील न कापलेली मूळ फाईल मात्र जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत उपयोगाची नाही, कारण त्यात चित्रीकरणाची मूळ माहिती गळून पडते. साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाईलचे हॅश मूल्य (फाईलमध्ये जराही बदल झाला की बदलणारा, अंक-अक्षरांचा जणू तिचा ठसा) नमूद करावे लागते. न्यायाधिकरणाची चौकशी संक्षिप्त स्वरूपाची असल्यामुळे पुराव्याचे नियम तेथे तितके काटेकोर नसतात, तरी व्हिडिओ मूळ की कापलेला हा प्रश्न आपल्या वकिलांनी विमा कंपनीला अवश्य विचारावा. दावा संपेपर्यंत नवीन काही टाकू नका, आणि नातेवाइकांनाही आपल्याला टॅग न करण्यास सांगा.

आणखी एक. वकिलाशी झालेले बोलणे गोपनीय असते, पण आपण प्रतिज्ञापत्रातील चूक सर्व सभासदांना लिहून कळवली आहे. तो ईमेलही आता जपून ठेवा आणि पुढचे सर्व आपल्या वकिलांशीच बोला.

प्रेषक: एक सभासद, दांडिया बाजार

काका, साष्टांग नमस्कार. भाच्याकडे मूळ चित्रीकरण मिळाले. ते सव्वादोन मिनिटांचे आहे. तिसऱ्या टाळीनंतर मी मंडपाचा बांबू धरते, आणि नंतर जाऊबाई प्लास्टिकची खुर्ची ओढून मला बसवतात. भाच्याने नेमके तेवढे कापले होते, कारण त्याच्या मते ते ‘बोअर’ होते. फोन सोमवारी वकिलांकडे घेऊन जात आहे. बाकीचे त्यांच्याशीच बोलेन.