मदत हवी आहे: थवा मध्येच उडाला तर मोजणी कशी करायची?

नमस्कार मंडळी. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेसाठी आम्ही गावातले सहा जण नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात चापडगावच्या बाजूने बसणार आहोत. सगळे शेतकरी, द्राक्षबागेतून थेट काठावर. चक्रवाक जोडीने असतात, ते सोपे. खरी अडचण वारकरी या काळ्या पाणपक्ष्यांची. पाच-सहाशेंचा थवा, त्यात थापट्या आणि तलवार बदकं मिसळलेली. दहाचा गट नजरेत धरून पुढे सरकतो, तेवढ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी घिरटी घालतो आणि सगळे उडतात! गेल्या वर्षी दोघांच्या आकड्यांत दीडशेचा फरक पडला. अशा वेळी पहिल्यापासून मोजायचं, की उडण्याआधीचा आकडा धरायचा? धुकं असेल तर सुरुवात किती वाजता करता? २०२० मध्ये हे रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, आमच्याकडून चुकीचा आकडा जायला नको.