सोसायटीतली पिल्लं शेल्टरला पाठवावीत का?

डोंबिवलीकर:
आमच्या मीटर रूममागे एक कुत्री व्यायली आहे. चार पिल्लं, डोळे नुकतेच उघडलेत. कमिटीचं म्हणणं, कल्याणच्या पुढे शेल्टर आहे, तिथे सगळ्यांना नेऊन द्या. पण तिथल्या ताई फोनवर म्हणाल्या, 'पिल्लं धडधाकट असतील तर आत्ता आणू नका.' जागा नसेल म्हणून की आणखी काही कारण? तिथे मदत करायची माझी इच्छा आहे. खरं उपयोगी काय पडतं?

शनिवार_पाळी:
ताईंनी अगदी बरोबर सांगितलं. जागा हे एक कारण, पण मोठं कारण पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार.

मी अशाच एका शेल्टरमध्ये शनिवारी पिंजरे धुवायला जाते. गेटवर खोक्यात घालून ठेवलेली पिल्लं आम्हाला नेहमी मिळतात. आली तेव्हा एकमेकांचे कान चावत असतात, आणि काही दिवसांत त्यातलंच एखादं कोपऱ्यात मान टाकून पडतं. उलट्या, मग रक्ताचे जुलाब, त्याचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. पुढच्या पायात सलाइन लावून रात्रभर कुणीतरी बसतं, कारण सुई तोंडाने उपसून काढतात. तरी सगळी वाचत नाहीत. हा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो, फिनाइलला दाद देत नाही. आम्ही एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी करून फरशी धुतो. आजारी जनावरं येतात त्याच आवारात लस न झालेलं पिल्लू आणणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

तेव्हा ती आईजवळच राहू देत. वर पत्रा, खाली गोणपाट, एवढं पुष्कळ. पिल्लांना गाईचं दूध पाजू नका, जुलाब होतात. खायला आईला घाला: भात, उकडलेलं अंडं, कोंबडीचे तुकडे. तिच्या अंगावर दूध आलं की पिल्लांना पोचतं. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, रेबीजची तीन महिन्यांनंतर. दत्तक घर शोधायला तोवर वेळही मिळतो.

परळची_मांजर:
आमच्याकडे परळला बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे जनावरांचं हॉस्पिटल, 1883 पासून आहे. तिथेही लोक धडधाकट कुत्री 'ठेवून घ्या' म्हणत येतात. खाट आजाऱ्याला मिळायला हवी हो.

डोंबिवलीकर:
पटलं. पण कमिटी म्हणते, आई तरी कायमची न्या.

शनिवार_पाळी:
पिल्लांचं दूध सुटलं की तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या, रेबीजची लसही तेव्हाच देतात. कानाला खाच मारतात, ती ऑपरेशन झाल्याची खूण. मग तिला जिथून उचललं तिथेच आणून सोडायचं, असं 2023 चे एबीसी, म्हणजे प्राणी जन्म नियंत्रणाचे, सरकारी नियम सांगतात. त्यांत खायला घालायची जागा आणि वेळ ठरवण्याची जबाबदारी सोसायटीवरही टाकली आहे. जिना, मुख्य दार, मुलांची खेळायची जागा टाळायची. कमिटीला हे कागदावर दाखवा, तोंडी वादात अर्थ नाही. तिला हलवलीत तर कचऱ्यावर दुसरी येईल, लस न झालेली.

मदतीचं विचारलंत, म्हणून मनापासून सांगते. बिस्किटांचे पुडे नकोत, ते ढिगाने येतात. जुनी वर्तमानपत्रं आणि चादरी पावसाळ्यात कधीच पुरत नाहीत, कारण काही वाळतच नाही. पैसे देणार असाल तर थोडे द्या पण दरमहा द्या. डॉक्टरांचा पगार आणि विजेचं बिल दर महिन्यालाच येतं. सगळ्यात मोलाची मदत म्हणजे घरी सांभाळणं: ऑपरेशन झालेलं जनावर टाके सुकेपर्यंत एका खोलीत ठेवायचं. तेवढ्याने शेल्टरमधला एक पिंजरा मोकळा होतो, आणि रस्त्यावर अपघात झालेल्याला नाही म्हणावं लागत नाही. आमच्याकडे अशी घरं फार थोडी आहेत.

डोंबिवलीकर:
एक खोली रिकामी आहे. ताईंना आज संध्याकाळीच फोन करतो. पत्र्याचं वॉचमनकाकांनी सकाळीच बघितलंय.